महागडं बायोटेक इंजेक्शन लिहून दिलंय? दागिने मोडायच्या आधी हे वाचा

आमच्या आत्याच्या स्तनाच्या गाठीचा बायोप्सीचा रिपोर्ट आला, कॅन्सर निघाला, त्यात एका ओळीत हर-टू ३+ लिहिलं होतं (हर-टू हे कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रोटीन), आणि डॉक्टरांनी केमोच्या जोडीला ट्रास्टुझुमॅब नावाचं इंजेक्शन सांगितलं, दर तीन आठवड्यांनी एक, असं वर्षभर. बाहेर काउंटरवर खर्चाच्या अंदाजाचा कागद मिळाला. आतोबांनी तो दोनदा वाचला, मग मला दिला आणि म्हणाले शून्यं मोज रे जरा. घरी आल्यावर आत्याने चहा पण न घेता कपाटातून चार पाटल्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. बोलली काहीच नाही.

त्यानंतरच्या वर्षभरात मी जे शिकलो ते इथे लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध कुठलं आणि किती हे डॉक्टरच ठरवणार, पण त्या कागदावरचा आकडा काही देवाने लिहिलेला नसतो. कुणीतरी ब्रँड ठरवतं, कुणीतरी मार्जिन ठरवतं, कुणीतरी व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) किती फोडायच्या ते ठरवतं, आणि यातल्या प्रत्येक माणसाला आपण प्रश्न विचारू शकतो. बहुतेक लोक विचारत नाहीत कारण पैशाचं बोललं तर डॉक्टर रागावतील, पेशंटकडे दुर्लक्ष करतील असं वाटतं. मलाही वाटायचं. आमचे डॉक्टर एकदाच वैतागले, आणि तेही मी मोबाईलवर कसलातरी व्हिडिओ दाखवला म्हणून.

आधी हे बायोटेक म्हणजे काय ते थोडक्यात. क्रोसिनची गोळी केमिकल मिसळून बनते, कुठल्याही चांगल्या कारखान्यात तोच रेणू तसाच बनवता येतो, म्हणून जेनेरिक स्वस्त मिळतं. ट्रास्टुझुमॅब तसं नाही, ते जिवंत पेशींकडून तयार करून घ्यावं लागतं (चिनी हॅम्स्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी, खरंच), आणि रेणू प्रचंड मोठा असतो. त्यामुळे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध शंभर टक्के कॉपी नसतं, त्याला बायोसिमिलर म्हणतात. दह्यासारखं समजा, तुमच्या घरचं विरजण वेगळं, शेजारच्या काकूंचं वेगळं, पण दोन्ही नीट लागलेलं दहीच, कढी दोन्हीची होते. फक्त इथे नीट लागलंय की नाही ते ट्रायल, म्हणजे पेशंटवर चाचणी, करून सिद्ध करावं लागतं.

पहिल्यांदा रिपोर्टच नीट बघा

स्वस्तात स्वस्त इंजेक्शन म्हणजे जे गरज नसताना घेतलं नाही ते. हर-टूची तपासणी आयएचसी पद्धतीने (गाठीच्या तुकड्याला रंग देऊन) होते आणि उत्तर ०, १+, २+ किंवा ३+ असं येतं. ३+ म्हणजे हर-टू पॉझिटिव्ह, ट्रास्टुझुमॅबचा उपयोग आहे. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह. आणि २+ म्हणजे अधांतरी, तिथे फिश नावाची दुसरी टेस्ट करावीच लागते, ती पॉझिटिव्ह आली तरच पुढे जायचं. आमच्याच वॉर्डात एका ताईंचा २+ होता आणि त्यांच्या घरचे फिशचे पैसे वाचवायला निघाले होते, म्हणजे काही हजार वाचवून लाखोंचं औषध अंदाजावर सुरू करायचं. असं करू नका. (आजकाल हर-टू लो असाही एक प्रकार ऐकायला मिळतो, तो वेगळ्या औषधासाठी आहे, त्यात इथे शिरत नाही.)

शंका असेल तर पॅराफिन ब्लॉक मागून घ्या, म्हणजे मेणात बसवलेला तुमच्या गाठीचा तुकडा. तो दुसऱ्या लॅबला देऊन रिपोर्ट पुन्हा तपासून घेता येतो. ब्लॉक लॅबकडे असतो, पण पेशंटने मागितला तर मिळतो, फक्त सही करून घ्यावा लागतो आणि जपून ठेवावा लागतो, उन्हात गाडीत ठेवलात तर मेण वितळेल.

ब्रँडचं नाही, औषधाचं नाव लिहून घ्या

आमच्या पहिल्या चिठ्ठीवर नुसतं ब्रँडचं नाव होतं आणि काउंटरवरच्या माणसाने सांगितलं की हेच घ्यावं लागेल, दुसरं चालत नाही. मी परत आत गेलो आणि एवढंच विचारलं, डॉक्टर, याचं बायोसिमिलर चालेल का, चालत असेल तर चिठ्ठीवर ट्रास्टुझुमॅब असं लिहून द्याल का. त्यांनी दहा सेकंदात लिहून दिलं. म्हणजे अडवणूक आत नव्हती, काउंटरवर होती.

बायोसिमिलर म्हणजे दुय्यम माल असं कुणी म्हणालं तर त्यांना हा किस्सा सांगा. मूळ औषध हर्सेप्टिन, रोश कंपनीचं. भारतात त्याच्या ४४० एमजीच्या एका व्हायलला लाखाच्या वर मोजावे लागायचे. २०१२ मध्ये स्वस्त ट्रास्टुझुमॅबसाठी पेशंट आणि कार्यकर्त्यांनी मोहीम उघडली, त्याच वर्षी रोशने पुण्याच्या एमक्युअरमार्फत तेच औषध कमी भावात हर्क्लॉन नावाने आणलं, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये भारतातलं पेटंट टिकवायचा नाद सोडला. मग २०१४ च्या सुरुवातीला बंगळुरूच्या बायोकॉनचं कॅनमॅब बाजारात आलं, ४४० एमजीला ५७,५०० रुपये. रोश लगेच दिल्ली हायकोर्टात गेली, तो वेगळा रामायणाएवढा विषय आहे. पण बायोकॉन आणि तिची भागीदार कंपनी मायलन यांच्या याच औषधाची हर्सेप्टिनशी समोरासमोर तुलना करणारी मोठी ट्रायल झाली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत औषधं मंजूर करणाऱ्या एफडीएने त्याला ओगिव्हरी या नावाने मंजुरी दिली, तिथलं पहिलं ट्रास्टुझुमॅब बायोसिमिलर. अमेरिकेतल्या बायकांना चालतं ते आमच्या आत्याला का नाही चालणार.

एक मात्र पाळा. एकदा एक ब्रँड सुरू केला की दर वेळी जिथे स्वस्त तिथलं वेगळं असं करत बसू नका, बदलायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि कुठल्या तारखेला कुठल्या ब्रँडचा कुठला बॅच नंबर गेला ते वहीत लिहा. काही रिअॅक्शन आली तर कुणाचं औषध होतं हे सांगता आलं पाहिजे.

भाव कसा काढायचा

एमआरपीवर विश्वास ठेवू नका. या असल्या औषधांत एमआरपी आणि हॉस्पिटलची खरेदी किंमत यांच्यात आख्खी एसटी जाईल एवढं अंतर असतं. मी एकाच ब्रँडच्या एकाच व्हायलसाठी तीन ठिकाणी फोन केले आणि तीन भाव मिळाले, सगळ्यात कमी भाव एमआरपीच्या निम्म्याहूनही खाली होता, आणि तोही बिलासकट. त्यामुळे प्रश्न असा विचारा, एमआरपीवर किती टक्के कमी करून देता, आणि पक्कं बिल मिळेल ना.

ट्रास्टुझुमॅब राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणजे त्याची कमाल किंमत सरकारची एनपीपीए ही संस्था ठरवते. चालू कमाल किंमत फार्मा सही दाम या सरकारी अॅपवर बघता येते, औषधाचं नाव टाका, आणि त्याच्यावर एक रुपया जास्त लावला असेल तर तक्रार करा. यादीत नसलेल्या कॅन्सरच्या ४२ औषधांवर सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रेड मार्जिन (मधल्या विक्रेत्यांचा नफा) ३० टक्क्यांवर आणून ठेवलं. अमृत फार्मसी नावाची दुकानं आहेत, सरकारी एचएलएल लाईफकेअर चालवते, मोठ्या सरकारी हॉस्पिटलांच्या आवारात बहुतेक असतात, तिथे कॅन्सरची औषधं बऱ्यापैकी उतरलेल्या भावात मिळतात. जनऔषधीत पण विचारून बघा, विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि अजून एक प्रश्न, तुमचं हॉस्पिटल नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आहे का. २०१२ मध्ये टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने कॅन्सर हॉस्पिटलांचं हे जाळं सुरू झालं, आणि त्यांनी एक साधी गोष्ट केली जी आपली आई भाजी मंडईत रोज करते, एकत्र खरेदी. २३ हॉस्पिटलांनी मिळून ४० औषधांचा एकत्र भाव केला आणि १,३०० कोटींहून जास्त रुपये वाचले, निम्म्या औषधांवर ८२ टक्के किंवा त्याहून जास्त बचत. यात बायोसिमिलर पण होती. आता ही बचत पेशंटपर्यंत येते की मधेच जिरते हे त्या त्या हॉस्पिटलवर आहे, म्हणून तर विचारायचं, ग्रिडच्या भावात औषध आलंय ना, मग मला कितीला देताय.

व्हायलचा हिशोब, हा भाग वही घेऊन वाचा

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ट्रास्टुझुमॅबचा डोस वजनावर असतो. तीन आठवड्यांच्या पद्धतीत पहिला डोस किलोमागे ८ एमजी, नंतरचे किलोमागे ६ एमजी. आत्याचं वजन ५२ किलो. म्हणजे पहिला ४१६ एमजी, आणि नंतरचे १७ डोस प्रत्येकी ३१२ एमजी. व्हायल ४४० ची. दर वेळी नवीन व्हायल फोडली आणि उरलेलं टाकून दिलं तर १८ व्हायल. पहिल्यानंतरच्या प्रत्येक खेपेला १२८ एमजी गटारात.

पण ४४० च्या व्हायलबरोबर जे पाणी येतं ते साधं नसतं, त्यात जंतू वाढू नयेत म्हणून बेंझिल अल्कोहोल असतं, आणि त्याच पाण्यात मिसळलेली व्हायल २ ते ८ अंशांत २८ दिवस चालते. पुढचा डोस २१ व्या दिवशी. कळलं ना? उरलेलं १२८ पुढच्या वेळी वापरायचं आणि नवीन व्हायलमधून फक्त १८४ घ्यायचं, मग त्यातलं २५६ उरतं ते त्याच्या पुढच्या वेळी, असं करत करत दर चौथ्या डोसला नवीन व्हायल लागतच नाही. मी रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात बसून अठरा डोसांचा तक्ता मांडला, २८ दिवस उलटलेलं टाकून द्यायचं धरून, तर उत्तर आलं १४ व्हायल. अठराच्या जागी चौदा. चार व्हायल. आतोबांना सकाळी दाखवलं तर ते म्हणाले हे त्या हॉस्पिटलवाल्यांना का नाही सुचलं.

आता सावधपणाच्या गोष्टी, कारण यात चूक झाली तर पैसे सोडा, जीवाशी खेळ आहे. उरलेली व्हायल घरच्या फ्रिजमध्ये अजिबात ठेवायची नाही, ती हॉस्पिटलच्या फार्मसीतच, नाव तारीख वेळ लिहून, आणि काढायचं पण तिथल्या निर्जंतुक कपाटातच. बेंझिल अल्कोहोलची अॅलर्जी असेल तर साध्या पाण्यात मिसळावं लागतं आणि मग ते साठवता येत नाही. प्रत्येक ब्रँडच्या खोक्यातल्या पत्रकात हे लिहिलेलं असतं, ते फार्मासिस्टबरोबर बसून वाचा. काही हॉस्पिटलं साठवायला नाही म्हणतात, तो त्यांचा नियम असतो, मग दुसरा मार्ग विचारा. १५० एमजीची व्हायल पण मिळते, ३१२ च्या जागी १५० च्या दोन म्हणजे ३००, फरक चार टक्क्यांच्या आत, आणि एवढं राउंड करायला बरेच कॅन्सर डॉक्टर तयार असतात, पण निर्णय त्यांचाच. किंवा एकाच वारी दोन-तीन पेशंट बोलावून व्हायल वाटून घेणं, हे पण चालतं. आमच्या फार्मसीतल्या ताईंनी नंतर खरंच गुरुवार ठरवून टाकला.

वर्षभर जमणारच नसेल तर? हे पण डॉक्टरांशी उघड बोला, गुपचूप डोस चुकवू नका. ब्रिटनमध्ये चार हजारांवर बायकांची पर्सेफोनी नावाची ट्रायल झाली, २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, त्यात सहा महिन्यांचा कोर्स वर्षाच्या कोर्सपेक्षा कमी पडला नाही असं दिसलं. फ्रान्समधल्या तशाच ट्रायलमध्ये मात्र ते सिद्ध झालं नाही, म्हणून अजूनही वर्षभर हीच मुख्य पद्धत आहे. पण वर्ष जमत नाही म्हणून काहीच घ्यायचं नाही, याच्या मधे जागा आहे एवढं लक्षात ठेवा. आणि दर तीन महिन्यांनी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) चुकवू नका, हे औषध काही जणींच्या हृदयावर परिणाम करतं.

योजना

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि २०२३ च्या निर्णयाने सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू, पांढरं कार्ड असलं तरी. हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे जाऊन नुसतं योजना लागते का असं विचारू नका, त्यावर हो म्हणतात आणि मग निम्म्यात कळतं की केमो बसतंय पण इंजेक्शन नाही. नाव घेऊन विचारा, ट्रास्टुझुमॅब या पॅकेजमध्ये आहे का, किती डोस, पहिल्या डोसाची मंजुरी यायला किती दिवस. हेल्पलाईन १५५३८८. रेशनकार्ड आणि आधारवरच्या नावाचं स्पेलिंग आजच जुळवून ठेवा, आमचं एका अक्षरासाठी नऊ दिवस अडलं होतं, आत्याचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर.

खाजगी पण धर्मादाय ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर अजून एक हक्क आहे जो भिंतीवर कुठेतरी बारीक अक्षरात लावलेला असतो. मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, आणि बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. दुर्बल घटकातल्या पेशंटला औषधं हॉस्पिटलच्या खरेदी किमतीत द्यायची असतात. खरेदी किंमत, एमआरपी नाही! तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवा विभागात जा, तिथल्या ताई-दादांशी नीट बोला, ते लोक खूप धावपळ करतात. दाद लागली नाही तर धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज. मुख्यमंत्री सहायता निधी वगैरे आहेच.

ट्रायलमध्ये घेतो, औषध फुकट, सही करा

मधे एका हॉस्पिटलात (नाव घेत नाही) आम्हाला नवीन औषधाच्या ट्रायलबद्दल विचारलं गेलं. ट्रायल म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया, एक म्हणजे आमच्यावर उंदरासारखे प्रयोग करणार, आणि दुसरी, फुकट आहे ना मग घ्या. दोन्ही चूक. ट्रायल झाल्याच नाहीत तर वरचं एकही स्वस्त औषध आलं नसतं. पण आमच्या हातात चौदा पानांचा इंग्रजी फॉर्म देऊन इथे इथे सही करा म्हणाले तेव्हा आत्या म्हणाली, मला यातलं काय कळतंय, तू म्हणशील तिथे करते. आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण मी म्हणेन तिथे तिने सही करणं म्हणजे तिची संमती नव्हेच.

मराठी फॉर्म मागितला. मिळाला, चार दिवसांनी. तो मागणं तुमचा हक्क आहे, २०१९ च्या नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. त्याच नियमांत आहे की ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाई पण. काही ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या लोकांची संमती घेताना व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये.

सही करायच्या आधी विचारायचं ते असं. ही ट्रायल सीटीआरआयवर आहे का, नंबर काय, कारण जून २००९ पासून भारतातली प्रत्येक ट्रायल त्या सरकारी नोंदवहीत आधी टाकावी लागते आणि ती कुणालाही फुकट बघता येते. तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटात (ज्यांना नवीन औषध देत नाहीत) गेलो तर काय मिळेल, नुसती साखरेची गोळी की नेहमीचं चांगलं औषध. येण्या-जाण्याचा खर्च कोण देणार. माझ्या रक्ताचा आणि गाठीचा नमुना नंतर कुठे जाणार, परदेशी जाणार का, त्यातून जीन्सची माहिती काढली तर ती मला सांगणार का आणि विमा कंपनीला कळणार का. आणि सगळ्यात महत्त्वाचा, औषध लागू पडलं आणि ट्रायल संपली तर त्यानंतर ते मला मिळत राहील का. याची पण नियमांत तरतूद आहे, दुसरा पर्याय नसेल तर डॉक्टरांनी शिफारस करून आणि एथिक्स कमिटीने (ट्रायलमधल्या पेशंटचं हित बघणारी समिती) मान्य करून कंपनीने ते औषध पुढेही मोफत द्यायचं. फॉर्मवर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो, नसेल तर तिथेच थांबा.

आत्याने मराठी फॉर्म दोन दिवस वाचला, पेन्सिलने खुणा केल्या आणि नाही म्हणाली. कारण काय तर त्यात बायोप्सी अजून दोनदा होती. तिचा निर्णय.

कमी डोसाची एक गोष्ट सांगायची राहिली

तोंडाचा-घशाचा कॅन्सर आपल्याकडे तंबाखूमुळे घरोघरी, आणि त्यावर निव्होलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारं) औषध आहे जे बहुतेकांना परवडतच नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी वेगळाच प्रश्न विचारला, एवढा डोस लागतोच का? १५१ पेशंट घेतले, सगळ्यांना स्वस्त तोंडाने घ्यायच्या गोळ्या, आणि निम्म्यांना वरून निव्होलुमॅब फक्त २० एमजी दर तीन आठवड्यांनी, नेहमीच्या डोसाच्या दहा टक्क्यांहूनही कमी. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. २०२२ मध्ये हे जाहीर झालं. लक्षात घ्या, तुलना पूर्ण डोसाशी नव्हती, इंजेक्शन न घेणाऱ्यांशी होती. पण ज्याला पूर्ण डोस स्वप्नातही मिळणार नव्हता त्याच्यासाठी हाच खरा प्रश्न आहे ना. म्हणून तुमच्या घरी असं औषध लिहून दिलं आणि पैसे नाहीत तर विचारा, डॉक्टर, लो डोस पद्धत आमच्या केसमध्ये बसते का.

खोटं औषध आणि उन्हाळा

मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली, ती हॉस्पिटलांतून महागड्या कॅन्सर इंजेक्शनांच्या रिकाम्या व्हायल गोळा करायची आणि त्यात बुरशीवरचं साधं औषध भरून विकायची. वाचून मी दोन रात्री झोपलो नाही. म्हणून व्हॉट्सअॅपवर कुणी निम्म्या किमतीत आणून देतो म्हणाला तर नाही म्हणा, बिल नाही तर औषध नाही, बिलावरचा बॅच नंबर आणि व्हायलवरचा जुळलाच पाहिजे, झाकण आपल्यासमोर उघडायला सांगा. आणि डोस झाल्यावर रिकाम्या व्हायलचं लेबल नर्सकडून खोडून घ्या, म्हणजे ती परत बाजारात जाणार नाही.

बाहेरून औषध आणायचं असेल तर थंड ठेवून आणा. आम्ही एकदा पुण्याहून एसटीने आणलं, मे महिना, थर्माकोलचा डबा, जेल पॅक, आणि व्हायल व बर्फ यांच्यामधे आत्याचा जुना टॉवेल, कारण गोठलं तरी औषध वाया जातं. हलवायचं पण नसतं, फेस येतो. मी डबा मांडीवर घेऊन बसलो होतो, शेजारच्या आजोबांनी विचारलं आंबे का, मी म्हटलं हो.

नाही कुठे म्हणायचं

स्टेम सेलने ऑटिझम बरा, गुडघे बरे, शुगर बरी, असली जाहिरात दिसली तर पाकीट खिशात ठेवा. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांसाठीचं स्टेम सेल ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी सगळं अजून संशोधन आहे, आणि संशोधनाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. बाळाची नाळ खाजगी बँकेत साठवा म्हणून फोन येतात त्यांचंही तेच, स्वतःच्या पुढच्या वापरासाठी अशी साठवण करायला आयसीएमआरने कधी शिफारस केलेली नाही. बायोटेक शब्द लावला म्हणजे बायोटेक होत नाही.

थोडं आपल्या घराबाहेरचं पण

स्वतःच्या पेशंटचं झालं की माणूस विसरतो, मीही विसरलो असतो. पण भाव पाडायचा असेल तर एकेकट्याने काउंटरवर भांडून होत नाही. आपल्या पेटंट कायद्यात पेटंट मिळायच्या आधी कुणीही हरकत घेऊ शकतं, कंपनीच असायला हवं असं नाही. टीबीच्या बेडाक्विलिनचं पेटंट पुढे वाढवून मागितलं तेव्हा मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले, दोघींनाही टीबीच्या उपचारात ऐकू येणं गेलेलं, यांनी २०१९ मध्ये हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट ऑफिसने तो अर्ज फेटाळला. ते बायोटेक औषध नाही, साधी गोळीच आहे, पण कायदा तोच. आणि आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियलने मिळून बनवलेली नेक्सकार१९ ही कार-टी उपचारपद्धती (पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशी काढून, बदलून परत सोडायच्या) ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली, पवईत आणि खारघरला तयार झालेली, परदेशात जिथे कोटींत खर्च तिथे ही लाखांत. लाख पण कुणाकडे असतात म्हणा. म्हणून आपल्या आमदाराला भेटाल तेव्हा रस्त्याबरोबर हेही बोला, की फुले योजनेच्या यादीत ही नवीन औषधं कधी येणार, आणि तोंडी नको, लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या.

फाईलमध्ये ठेवायचं ते ठेवाच, बायोप्सी आणि हर-टूचा रिपोर्ट, प्रत्येक डोसाचं बिल, बॅच नंबरची वही, इकोचे रिपोर्ट, रेशनकार्डाच्या पाच झेरॉक्स. प्लास्टिकची बटणवाली फाईल घ्या, पावसाळ्यात कळेल का ते.

आमच्या चार पाटल्यांतल्या दोन मोडल्याच, खोटं कशाला सांगू, योजनेची मंजुरी यायच्या आधी तीन डोस खिशातून गेले होते. अठरावा डोस गुरुवारी झाला. नर्सताई लेबल खोडायला पेन शोधत होत्या तर आत्या म्हणाली द्या इकडे, केसातली पिन काढली, नवीन आलेले केस, अजून पिन धरत पण नव्हते, आणि ते लेबल टोकरून टोकरून असं काढलं की खाली नुसती काच राहिली.